सागराची पंगत
पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो. नाखवे होड्या वर ओढून ठेवतात. किनाऱ्यावरून दिसतो तो त्याचा कोप. परंतु त्याच वाऱ्यांच्या जोराने खोल पाण्यातील पोषक क्षार वर येतात आणि सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो. त्यांचे मृत अवशेष पाण्याच्या भोवऱ्यांत एकमेकांना चिकटतात; पुंजके मोठे झाले, की बुडू लागतात. घुसळण अतिरेकी झाली, तर मात्र ते फुटतात व प्रवास लांबतो.

१९८६ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह या सागराच्या खोल पाण्यात नरसाळ्यासारखी पात्रे सोडली. पावसाळ्यात त्यांत पडणारी रास मोठी भरली. सूर्यकिरण न पोचणाऱ्या तळावरील बहुतेक जीव याच वर्षावावर जगतात. वरच्या कोपातूनच खालची पंगत वाढली जाते.