तिसरा बिंदू

आज भाचीबरोबर आलेख काढत बसलो. पुस्तकातली समीकरणं बाजूला ठेवून तापमानाचं घेतलं: सेल्सिअसला १.८ ने गुणायचं, ३२ मिळवायचे, की फॅरनहाइट. शून्याला ३२, शंभराला २१२. दोन बिंदू, पट्टी, रेषा. झालं.

"मग बाई तिसरा बिंदू कशाला काढायला लावतात, मामा?"

पडताळ्यासाठी. दोन बिंदूंतून रेषा जातेच, ते चुकलेले असले तरी. तिसरा मात्र चुगली करतो. ३७ ला ९८.६ आले आणि बरोबर रेषेवर बसले. तापाच्या थर्मामीटरवरचा ओळखीचा आकडा बघून स्वारी खूश.

मला मात्र ते ३२ जास्त आवडतात. त्यांच्यामुळे रेषा आरंभबिंदूतून जात नाही. म्हणूनच २० अंशांचे ४० झाले तरी 'तापमान दुप्पट' म्हणणं पोकळ; फॅरनहाइटमध्ये तेच ६८ चे १०४ होतात. बातम्या लिहिणाऱ्यांनी एवढं तरी बघावं!

मग दोन्ही निर्देशक समान असलेली दुसरी रेषा काढली. दोघी छेदतात उणे ४० वर. तिथे दोन्ही मापं एकच. घरात आलेख कागद असेल तर काढून बघा. एका सेंटिमीटरला २० अंश घेतले की सगळं मावतं.