मागले आसन

आमच्यापाशी १९७४ सालची एक बुलेट फटफटी आहे. आदिलाबादेस आलो, तेव्हा आमच्या आधीच्या फादरांनी चाव्यांच्या जुडग्यासह ती आम्हांस सोपविली. एंजिनाचा आवाज अद्याप खणखणीत. म्हणून तिच्या मागल्या अंगाची विचारपूस आम्ही चार वर्षांत एकदाही केली नाही.

मागे मास्तर बसत. वय पासष्ट, मराठी, तेलुगू व गोंडी तिन्ही भाषा जिभेवर. गुडीहथनूरवरून इंद्रवेल्लीपर्यंत रस्ता बरा. तेथून आत खेड्यांकडे वळले, की कपाशीची काळी जमीन लागते. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर केलेला रस्ता लवकरच लाटांसारखा होतो. तेथे मास्तर नेमाने म्हणत, "फादर, जरा उतरतो. पाय मोकळे करतो." आम्ही पुढे जाऊन झाडाखाली थांबत असू आणि घड्याळाकडे पाहत असू. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा निरोप आला : पुढल्या महिन्यापासून दुसरा कोणी पाहावा. आम्हांस राग आला, हे वाचकांपासून कशास लपवावे?

त्याच सुमारास मागल्या दोन शॉकअपांपैकी एकातून तेल ठिबकू लागले. गावातील एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आसनाचा मागला भाग तळव्याने दाबून सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. मग त्यांनी विचारले, "फादर, आप कभी पीछे बैठे?"

आम्ही बसलो. मिस्त्रींनी गाडी हाती घेतली आणि कच्च्या वाटेने दोन फर्लांग नेली. पहिल्या खड्ड्यात दात आपटले, दुसऱ्यात पाठीच्या कण्यातून कळ गेली. पुढे बसणारा दोन चाकांच्या मधे बसतो. खड्डा त्याला आधी दिसतो व तो पायांवर भार घेऊन झटका चुकवितो. मागला मनुष्य जवळजवळ मागल्या चाकाच्या आसावरच बसतो. खड्डा त्यास दिसत नाही, बसतो.

पूर्वी तर बहुतेक फटफटींच्या मागल्या चाकास स्प्रिंगच नसे. चालविणाऱ्याच्या आसनाखाली स्प्रिंगा असत. मागल्याच्या वाट्यास बहुधा एक गादी. १९४८ साली बुलेटचा नमुना मागे हलता चिमटा व दोन शॉकअप घेऊन शर्यतीत उतरला, तेव्हा अशाने चाकाची पकड सुटेल, असे जाणत्यांस वाटले होते. त्याच वर्षी इटलीतील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत त्याने ही शंका फेडली. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया निघाली, आणि तीच रचना आपल्या रस्त्यांवर आली.

स्प्रिंग झटका पोटात घेते, पण घेतलेला परतही फेकते. त्या फेकण्यास लगाम घालते ते आतील तेल : बारीक छिद्रांतून रेटले जाताना ते हालचालीची उष्णता करते. तेल गेले, की उरतो तो नुसता झोपाळा. शिवाय वाईट रस्त्यावर तेल घुसळून त्यात हवा मिसळते, फेस होतो व लगाम सैल पडतो. नव्या शॉकअपांत दाबाखाली नायट्रोजन वायू भरतात तो हा फेस होऊ नये म्हणून.

एवढे ज्ञान होताच आमच्या अंगी उतावीळपणा संचरला. मिस्त्रींस न विचारता शहरातील एका दुकानातून वायूच्या शॉकअपांची जोडी मागविली. ती इंचभर लांब निघाली. गाडीचे शेपूट वर गेले, मधल्या स्टँडवर लावली तरी मागले चाक जमिनीस टेकू लागले, आणि एका सकाळी देवळाच्या अंगणात ती सरळ आडवी झाली. चर्चला आलेली मुले फार सुखावली.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मूळच्या मापाची जोडी आणविली. पण ती बसविण्याआधी चिमटा हाताने आडवा हलवून दाखविला. त्याचे बुश झिजले होते. त्यावर कितीही उंची शॉकअप लावले, तरी चाक डुलतच राहिले असते. बुश बदलले. जुने शॉकअप आम्ही गोणपाटात बांधून ठेवले आहेत. जुन्या गाडीचा एक खिळाही बदलू नये म्हणणारे शौकीन असतात, त्यांनी येऊन पाहावे. मात्र त्यांनी परतताना मागल्या आसनावर बसावे, एवढी आमची अट आहे.

शेवटी मिस्त्री म्हणाले, पीछे जो बैठते हैं, उनको लाओ. बसणाऱ्याच्या भाराने चाकाची चाल किती खर्ची पडते ते मोजायचे होते. एकंदर चाल जेमतेम तीन इंच. तिचा साधारण तिसरा हिस्सा भाराने जावा, उरलेली खड्ड्यांसाठी राहावी. सबब आम्हांस मास्तरांच्या दारी जावे लागले. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि सांगितले, की ते रात्री उशी पाठीशी घेऊन बसूनच झोपतात. मास्तर म्हणाले, "तुम्हांला कशाला सांगायचं, फादर? गाडी जुनी आहे." आम्ही क्षमा मागितली. ते चहात पाहत राहिले.

मास्तर आपल्या पिशवीसह आसनावर बसले, आम्ही पुढे. मिस्त्रींनी आसापासून मडगार्डपर्यंत टेप लावली आणि शॉकअपाची कडी दोन घरे फिरविली. तिने स्प्रिंग कडक होत नाही, तिची बैठक तेवढी वर येते. पुन्हा मोजले, मान हलविली.

रविवारी दुपारी इंद्रवेल्ली ओलांडून आत वळलो. नेहमीच्या जागी सवयीने आम्ही गाडी हळू केली. खांद्यावर बोटे टेकली.

"चला, फादर, उशीर होतोय."