बारा पॉइंट सहा

निवृत्तीनंतर माझ्या रक्तदाबाचा आकडा हा आमच्या घरातला एकमेव गंभीर विषय होता. इथे ॲरिझोनात आम्ही जुनी मोटारहोम घेतली आणि तो मान बॅटरीच्या व्होल्टांनी पटकावला.

छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनेल होतं. त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो, नाहीतर बॅटरी जास्त चार्ज होऊन खराब होते. यात दोन जाती. महागडा एमपीपीटी पॅनेलचे १८ व्होल्ट नीट उतरवून जादा ॲम्पियर पदरात टाकतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम पॅनेललाच बॅटरीच्या १३ व्होल्टांवर ओढतो. १०० वॅटांतले सत्तरेक हाती लागतात. जन्मभर कापून आलेला पगार घेतलेला माणूस मी! पीडब्ल्यूएम घेतला.

नोव्हेंबरात फ्लॅगस्टाफजवळ मुक्काम होता. बाहेर कडाक्याची थंडी. हीटर गॅसचा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. विसावलेली भरली बॅटरी १२.६ दाखवते, १२.१ म्हणजे निम्मी; त्याखाली जाऊ देऊ नये. रात्री २ वाजता मी टॉर्च मारला. ११.९! घाईघाईने हीटर बंद केला. पंधरा मिनिटांत आकडा १२.२ वर. म्हणजे पंख्याच्या ओझ्यानेच तो वाकला होता तर! मी खुशीत मांडी ठोकली.

"हीटर का बंद केलात?" ब्लँकेटातून आवाज आला.

"अगं, आकडा सुधारला!"

"माझे पाय लाकडं झालेत, ते दिसतात का कुठल्या आकड्यात?"

मी गुपचूप हीटर लावला आणि डिस्प्लेवर टोपी ठेवली.