हे काळे पाणी निराळे!

काळे पाणी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेस, जॉर्जिया आणि फ्लॉरिडा या राज्यांच्या सीमेवर असेही एक काळे पाणी आहे, की जेथे लोक हौसेने, आगाऊ परवाना काढून, मुक्कामाला जातात! त्याचे नाव ओकेफेनोकी. तेथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील या नावाचा अर्थ ‘थरथरणारी भूमी’ असा सांगतात.

फेब्रुवारीत आम्ही उभयता अटलांटाला पुतण्याकडे होतो. “काका, दोन रात्री तंबूत काढाल का?” असे त्याने भीत भीत विचारले, आणि माझ्या आधी आमच्या सौभाग्यवतींनीच होकार दिला! उत्तरेकडे बर्फ पडत असते, त्या दिवसांत येथे एका स्वेटरवर भागते. उन्हाळ्यात मात्र उकाडा आणि डास यांचे राज्य! तेव्हा जाणे ते हिवाळ्यातच. पाचएक तासांच्या मोटारप्रवासानंतर आम्ही काठावर पोहोचलो आणि सामानासह वल्ह्यांच्या नावेत बसलो.

पाणी खरोखरच शाईसारखे काळे! पण पेल्यात घेऊन पाहावे, तर कोऱ्या चहाचा रंग. ही घाण नव्हे, गाळही नव्हे. शतकानुशतके पाने-मुळे अर्धवट कुजून येथे ‘पीट’ नावाचा थर साचला आहे. काही ठिकाणी तो पंधरा फूट जाड आहे. त्यातले टॅनिन पाण्यात उतरते. चहाच्या पातेल्यात घडते तेच येथे मैलोगणती घडते. वारा पडला की या पाण्याचा असा आरसा होतो की सायप्रसचे झाड कोणते आणि त्याचे प्रतिबिंब कोणते, हे ओळखू येत नाही.

थराखाली वायू साठला की पीटचे मोठमोठे तुकडे वर येऊन तरंगू लागतात. त्यांवर आधी गवत, मग झुडपे, पुढे झाडेही रुजतात. अशा बेटावर पाय आपटावा, तर शेजारची झाडे हलतात! पाणी आम्लधर्मी आणि निःसत्त्व, म्हणून कित्येक वनस्पती कीटक खाऊन गुजराण करतात. आपल्या कासच्या पठारावरची ‘सीतेची आसवे’ आठवतात ना? त्यांच्याच कुळातली फुले येथे पाण्यावर डोलतात.

मुक्कामाची जागा म्हणजे पाण्यात खांबांवर उभारलेले लाकडी मचाण. एका रात्री एकाच मंडळीला ते मिळते. फळ्यांना खिळा ठोकायचा नाही, म्हणून तंबू आपला आपण उभा राहणारा हवा. चूल पेटवायला बंदी. आमचे पिठले-भात गॅसच्या लहान शेगडीवर झाले. खाली मगरी आपल्या नादात पडून होत्या. त्यांना काही खायला घालायचे नाही, हा येथला पहिला नियम. कारण एकदा माणूस म्हणजे जेवण असे समीकरण जुळले, की मगर दोघांच्याही जिवावर उठते. रात्री बेडकांची मैफल, आणि आकाशात इतके तारे की शहरात जन्म काढलेल्या माणसाने गप्प बसावे. दलदलीच्या पश्चिमेकडील स्टीफन फॉस्टर उद्यानाला २०१६ साली काळोखी आकाशाचे मानपत्रही मिळाले आहे.

हे वैभव टिकले ते मात्र सहजासहजी नव्हे. १८९१ साली एका कंपनीने दलदल उपसून शेती करण्याचा घाट घातला. साडेअकरा मैलांचा कालवा खणला, पैसा संपला, दलदल तशीच राहिली. पुढे १९०९ ते १९२७ पर्यंत दुसऱ्या कंपनीने रूळ घालून सायप्रसची बेसुमार तोड केली. तेव्हा हार्पर नावाचे एक निसर्गअभ्यासक दांपत्य पुढे आले. त्यातील जीनबाईंनी पूर्वी रूझवेल्टांच्या मुलांची शिकवणी केली होती. त्या ओळखीने त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना पत्रे धाडली. १९३७ साली येथे अभयारण्य झाले.

तरी घोर संपला नाही. पूर्वेची वाळूची लांबच लांब टेकाडे या पाण्याला बांधासारखी आहेत, आणि तेथेच टायटॅनियमसाठी खाण काढण्याचा बेत अनेक वर्षे चालला होता. पाण्याची पातळी घसरली तर पीट वाळेल, आणि वाळलेले पीट पेटले की महिनोन् महिने धुमसते, ही अभ्यासकांची भीती. २००७ च्या वणव्याने त्याची चुणूक दाखवलीच होती. अखेर २०२५ साली एका निसर्गरक्षक संस्थेने ती सुमारे आठ हजार एकर जमीनच विकत घेतली! येथूनच सुवानी नदी मेक्सिकोच्या आखाताकडे आणि सेंट मेरीज अटलांटिककडे निघते. एकाच माहेरच्या दोन लेकी दोन समुद्रांना दिलेल्या. माहेर कोरडे पडले तर लेकींची काय कथा?

आणि गंमत पाहा, दलदल आटवण्यासाठी खणलेल्या त्या फसलेल्या कालव्यातूनच आज आमच्यासारख्यांच्या नावा आत जातात. अटलांटा किंवा जॅक्सनव्हिलला लेकीसुनांकडे जाणाऱ्या वाचकांनी हिवाळ्यात दोन रात्री अवश्य राखून ठेवाव्यात. परवाना आधी काढावा, गरम कपडे न्यावेत, आणि पाण्याचा रंग पाहून नाक तेवढे मुरडू नये!