जलकन्यका

पंजाब केंद्रीय विद्यापीठातील डॉ. फेलिक्स बास्ट आणि त्यांचे सहकारी २०१९ साली अंदमान-निकोबार बेटांवर गेले होते. तेथील समुद्रात त्यांना इवल्या हिरव्या छत्र्यांसारखे एक शैवाल दिसले. तळापासून छत्रापर्यंत ती प्रत्येक छत्री म्हणजे एकच पेशी होती!

असे छत्रीधारी शैवाल इतर समुद्रांतही आढळते. मग हे त्यांपैकीच एक, की अगदी नवे? केवळ रूपावरून निर्णय करणे धोक्याचे होते. कारण पाणी आणि प्रकाश बदलला की शैवालाचे रूपही पालटते. म्हणून त्या पेशीतील डीएनए हा आनुवंशिक आलेख ज्ञात जातींच्या आलेखांशी ताडून पाहण्यात आला. सुमारे दोन वर्षे हे काम चालले. तो आलेख कोणाशीच पुरता जुळेना, तेव्हाच २०२१ साली ही नवी जाती जाहीर झाली. सागरकन्येचे स्मरण करून तिला 'असेटाबुलारिया जलकन्यके' हे नाव देण्यात आले.

आज समुद्राचे पाणी तापत चालले आहे. ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तर त्याची उणीव कोणास भासणार? त्या चिमुकल्या छत्रीला नाव मिळाले, म्हणून आता तिची काळजी वाहता येईल.