मोकळा एक मीटर

स्विचबोर्डापुढे, म्हणजे मुख्य स्विच, फ्यूज आणि त्यांच्या जोडण्या जेथे एकत्र बसवलेल्या असतात त्या फलकापुढे, किमान एक मीटर रुंदीची जागा मोकळी असावी, ही १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील अट केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही कायम राहिली. फलकामागच्या जागेचा नियम मात्र वरवर पाहता चमत्कारिक वाटतो; तेथे उघड्या जोडण्या असतील तर अंतर एकतर २० सेंटीमीटरपेक्षा कमी असावे, नाहीतर ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त. अरुंद फटीत माणूस शिरूच शकत नाही आणि रुंद जागेतून तो बाहेर पडू शकतो. घात आहे तो मधल्या अंतरात, जेथे शिरता येते पण माघार घेता येत नाही.

प्रस्तुत लेखकास या नियमामागील अर्थ पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस असताना उमगला. तेथील मीटर रूममध्ये सायकली, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराच्या फळ्या वर्षानुवर्षे साठत गेल्या होत्या, आणि मुख्य स्विच तापू लागल्याने बोलावलेला वायरमन दारातच थांबून, आधी वाट करून द्या, मग झाकण उघडतो, असे म्हणाला. काम दहा मिनिटांचे असल्याने त्याचा हा हट्ट समितीला, आणि खरे सांगायचे तर चिटणिसालाही, अनाठायी वाटला. तेव्हा त्याने फलकासमोर उभे राहून पाना फिरवल्यासारखा हात मागे घेतला. कोपर सायकलच्या हँडलवर आदळले आणि पंजा आपोआप पुढे, झाकणापर्यंत गेला. स्विच बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या जोडण्यांत वीज राहते, आणि तेथील दोन फेजांमधील दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो, हे ठाऊक असणाऱ्यास याहून अधिक स्पष्टीकरण नको होते.

टेप लावून पाहता समोरची भिंत एक मीटर दहा सेंटीमीटरवर निघाली. बांधणाऱ्याने दिलेली जागा रहिवाशांनीच गिळली होती. सामान हलवण्यात सकाळ गेली, दुरुस्ती मात्र खरोखरच दहा मिनिटांत आटोपली. पुढील वार्षिक सभेसाठी एका सभासदाने 'मीटर रूममधील वापरात नसलेल्या जागेचा विनियोग' असा विषय लेखी सुचवला आणि तो विषयपत्रिकेवर घेण्याचे काम अर्थातच चिटणिसाकडे आले.