नायगावचा मातीचा बांध

जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला गेलात, तर थोडी वाट वाकडी करून पुरंदर तालुक्यातले नायगाव पाहून या. पुण्याहून दिवेघाट चढला की सासवड लागते. तिथून पूर्वेला जावे तसा पाऊस कमी होत जातो. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. इकडे नुसती त्यांची सावली येते.

१९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायला गेली. ते हाल पाहून पुण्याचे इंजिनिअर विलासराव साळुंखे या भागात आले. नायगावात त्यांनी देवस्थानची ४० एकर माळजमीन कराराने घेतली. उताराला ताली घातल्या, पायथ्याला मातीचा बांध घातला आणि बांधाखाली विहीर खोदली. अडलेले पाणी जमिनीत मुरून विहिरीला उतरले, ते पंपाने पुन्हा वर माळावर नेले.

पाझर तलाव आटला की आपण म्हणतो, पाणी फुकट गेले. अहो, पाझरणे हेच त्याचे काम! खरा प्रश्न पुढेच आहे. पाझरलेले पाणी कोणाचे? बांधाला घाम साऱ्या गावाचा, आणि पाणी मात्र खाली ज्याची विहीर त्याचे, हा कुठला न्याय?

यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम घरी वाचून दाखवा. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी मिळेल. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. घरात माणसे पाच असली, तर जमीन वीस एकर असो की तीन, पाणी अडीच एकरालाच. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा.

मोठ्या बागाइतदाराला हे रुचणे अवघड. पण ज्या घरी दोन एकर बरड आणि खाणारी सहा तोंडे, त्या घरच्या माउलीला विचारा! पाणी मिळाले तर ज्वारी घरची होते आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन परगावी जावे लागत नाही.

विलासराव २००२ साली गेले. त्यांचा प्रश्न मात्र गावोगाव उभा आहे. आपल्या गावच्या तलावाखाली विहिरी कोणाच्या आहेत, हे एकदा मोजून पाहा. मग पारावर बसून त्याबद्दल बोला.